पेटीतील छायाचित्रे : सालाझारशाहीची स्मृती आणि पोर्तुगीज लेखिकांची कथा-कादंबरी

गोवा, बेळगाव, सावंतवाडी या टापूतील जुन्या पिढीला सालाझार हे नाव नवीन नाही. १९५५ साली बेळगाव व बांदा येथून सत्याग्रहींच्या तुकड्या ज्या सीमेकडे निघाल्या, ती त्यांच्याच राजवटीची सीमा होती. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना १९४६ साली शिक्षा होऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडण्यात आले. मोहन रानडे यांची लिस्बनजवळच्या काशियश तुरुंगातून सुटका व्हायला १९६९ साल उजाडावे लागले. तोवर गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटली होती. गोमंतकीयांच्या लेखी ही राजवट म्हणजे परकी सत्ता. परंतु हीच राजवट खुद्द पोर्तुगालमध्ये पोर्तुगीज माणसांच्या डोक्यावर १९२६ पासून १९७४ पर्यंत, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षे बसलेली होती, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ध्यानात घेतली जात नाही. त्या माणसांत स्त्रियाही होत्या, आणि त्यांच्यापैकी काहींनी त्या काळाविषयी लिहिले, हे तर बहुतेकांच्या कानावरही आलेले नसते.

प्रस्तुत लेखात या राजवटीची स्मृती पोर्तुगीज लेखिकांच्या कथनात्म लेखनात कशी उतरली, याचा विचार केला आहे. हुकूमशाहीच्या आठवणी म्हटल्या की तुरुंग, छळ, हद्दपारी यांच्या कहाण्या डोळ्यांपुढे येतात. तशा त्या पोर्तुगालमध्येही आहेत. मात्र तेथील लेखिकांच्या या लेखनाचे वेगळेपण असे की, आठवण सांगणारी स्त्री त्यात निव्वळ बळी नसते. ती लष्करी अधिकाऱ्याची पत्नी असते, आफ्रिकेत स्थायिक झालेल्या गोऱ्या कुटुंबातील मुलगी असते, मुलगा युद्धावर धाडलेली आई असते. जुलूम तिच्यावरही होतो, आणि जुलूम करणारा तिच्याच घरात जेवायला बसतो. ही अडचणीची जागा हाच या लेखनाचा खरा विषय आहे.

घर आणि राज्य

२८ मे १९२६ रोजी पोर्तुगालमध्ये लष्करी उठाव होऊन प्रजासत्ताक बुडाले. कोइंब्रा विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक अंतोनियु द ऑलिव्हेरा सालाझार १९२८ साली अर्थमंत्री आणि १९३२ साली पंतप्रधान झाले. १९३३ च्या राज्यघटनेने त्यांच्या राजवटीला 'इश्तादु नोव्हु', म्हणजे नवे राज्य, हे रूप दिले. छापील मजकुरावर पूर्वपरीक्षण होते. 'पीदे' या नावाने पुढे कुप्रसिद्ध झालेले गुप्त पोलीस होते. गोव्यातही वर्तमानपत्राचा मजकूर आधी सेन्सॉरकडे जात असे, तो याच व्यवस्थेचा भाग. १९६८ साली आजारपणामुळे सालाझार दूर झाले, मार्सेलु कायतानु आले, आणि २५ एप्रिल १९७४ रोजी लष्करातील तरुण अधिकाऱ्यांनीच ही राजवट संपवली.

या राजवटीचे स्त्रियांविषयीचे धोरण समजून घ्यायचे तर १९३८ सालचे एक भित्तिचित्र पाहावे. सालाझार सत्तेत आल्याला दहा वर्षे झाली म्हणून 'सालाझार यांचा धडा' या नावाची चित्रमाला काढून ती प्राथमिक शाळांतून लावण्यात आली. तीतील एका चित्रात खेड्यातले घर आहे. बाप कामावरून परतला आहे, आई चुलीपाशी आहे, मुले बापाकडे पाहत आहेत, भिंतीशी क्रूस आहे आणि दारातून दूरचा किल्ला दिसतो आहे. खाली देव, देश आणि कुटुंब ही त्रयी. चित्र साधे आहे, आणि त्याचा अर्थही साधाच आहे : देशात जे सालाझार, तेच घरात बाप.

कायद्यानेही तेच सांगितले. १९३३ च्या घटनेने सर्व नागरिकांना समान मानले, आणि त्याच कलमात स्त्रीच्या बाबतीत तिच्या 'स्वभावातून' आणि कुटुंबाच्या हितातून येणाऱ्या भेदांची पळवाट ठेवली. पती हा कुटुंबप्रमुख. विवाहित स्त्रीला परदेशी जायचे तर १९६९ पर्यंत पतीची संमती लागे. प्राथमिक शिक्षिकेला लग्न करण्यासाठी सरकारची परवानगी घ्यावी लागे. १९४० साली व्हॅटिकनशी झालेल्या करारानंतर चर्चमध्ये लग्न केलेल्यांना घटस्फोटाचा मार्ग बंद झाला, तो १९७५ सालीच उघडला. पुरुषांच्या बरोबरीचा मताधिकार मिळण्यासाठी स्त्रियांना १९७४ पर्यंत थांबावे लागले.

येथे स्मृतीच्या दृष्टीने एक पेच उभा राहतो. पीदेची दफ्तरे आज लिस्बनच्या 'तोरे दु तोंबु' या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत व १९९४ पासून ती अभ्यासकांना खुली आहेत. कोणाला केव्हा पकडले, कोणाच्या जबाबात काय आले, कोणाची पत्रे फोडली हे त्यांतून कळते. परंतु पतीची सही न मिळाल्याने जिचा प्रवास राहिला तिची नोंद कोणत्या दफ्तरात सापडणार? घर हेच राज्याचे शेवटचे ठाणे असेल, तर त्या ठाण्यात जबाब लिहून घेणारा कोणी नसतो. शिवाय मानसिक आघाताची स्मृती तारीखवार येत नाही, असे त्या विषयाचे अभ्यासक सांगतात. ती तुटक येते, एकाच प्रसंगापाशी पुन्हा पुन्हा घुटमळते, आणि पुष्कळदा शब्दांऐवजी मौनाच्या रूपाने येते. न्यायालयाला आणि इतिहासकाराला अशा साक्षीचे काय करावे हे सुचत नाही. कादंबरीला ते सुचू शकते.

मारिया व्हेल्यु दा कोश्ता यांची 'माइना मेंदिश' ही कादंबरी १९६९ साली, म्हणजे राजवट चालू असतानाच आली. तिची नायिका लिस्बनमधील सुखवस्तू घरातील मुलगी आहे. ती बोलणे सोडते. घरचे लोक त्याला आजार समजतात. पुढच्या पिढ्यांची कथा या मौनाभोवती फिरत राहते. कादंबरीत राजवटीवर सरळ टीका नाही, आणि ती नसणे सेन्सॉरच्या काळात स्वाभाविकही होते. पण ज्या भाषेत आज्ञा दिल्या जातात ती भाषाच एक मुलगी नाकारते, हे वाचकाला कळण्यासाठी त्यापेक्षा अधिक काही लिहिण्याची गरज नव्हती.

तीन मारिया

व्हेल्यु दा कोश्ता यांच्याबरोबर मारिया इझाबेल बारेनु आणि मारिया तेरेझा ओर्ता यांनी १९७१ साली एक वेगळाच उद्योग आरंभला. ओर्ता यांचा एक कवितासंग्रह त्याच सुमारास जप्त झाला होता आणि त्यापायी त्यांना रस्त्यात मारहाणही झाली होती. एका स्त्रीच्या लेखनावर हे होते, तर तिघींनी मिळून लिहिले तर काय होईल, हा प्रश्न त्यामागे होता. तिघी आठवड्यातून ठरलेल्या वेळी भेटत, लिहिलेले एकमेकींना वाचून दाखवत. पुस्तक तयार झाले ते 'नोव्हश कार्तश पोर्तुगेझश' म्हणजे 'नवी पोर्तुगीज पत्रे'. आधार घेतला होता सतराव्या शतकातल्या पत्रांचा. बेझा येथील मठातील मारियाना नावाच्या जोगिणीने एका फ्रेंच सरदाराला लिहिलेली म्हणून ती पत्रे १६६९ साली पॅरिसमध्ये छापली गेली होती. मठात कोंडलेली, सोडून दिलेली आणि तरी लिहीत राहिलेली स्त्री या तिघींना आपल्या काळातील स्त्रीची पूर्वज वाटली.

पुस्तकात पत्रे, कविता, गोष्टी, कायद्यातील उताऱ्यांवरची भाष्ये असे सर्व आहे. मारियाना या नावाचे तुकडे होऊन मारिया, आना, मारिया आना अशा निरनिराळ्या शतकांतील बायका त्यात बोलतात. परदेशी मजुरीला गेलेल्याची बायको आहे, मोलकरीण आहे, आफ्रिकेतील युद्धावर गेलेल्या सैनिकाची वाट पाहणारी आहे. लैंगिक सुखदुःखाविषयी त्या मोकळेपणाने बोलतात. नेमके तेवढेच सरकारच्या डोळ्यांत खुपले, किंवा खुपले असे सरकारने दाखवले. कारण त्याच पुस्तकात वसाहतींतील युद्धाविषयीही लिहिलेले होते, आणि युद्धाविषयी लिहिणाऱ्यांवर खटला भरण्यापेक्षा अश्लीलतेचा खटला भरणे सोयीचे होते.

१९७२ च्या एप्रिलमध्ये पुस्तक निघाले. प्रकाशनसंस्थेतील साहित्यविभाग पाहणाऱ्या नतालिया कोरेया यांनी त्यातील एकही ओळ गाळायला नकार दिला होता. काही दिवसांतच बंदी आली आणि तिन्ही लेखिकांवर सार्वजनिक नीतिमत्तेला बाधा आणल्याचा आरोप ठेवला गेला. पोलिसांनी प्रत्येकीला वेगळे बसवून एकच गोष्ट विचारली : सर्वांत आक्षेपार्ह भाग कोणी लिहिला? पुस्तकात कोणत्याही मजकुराखाली सही नाही. तिघींचे आधीच ठरले होते की सांगायचे नाही. त्यामुळे आरोपी तीन आणि प्रत्येक वाक्याचा लेखक अज्ञात, अशी सरकारची पंचाईत झाली. खटल्याची बातमी बाहेर गेली, युरोप-अमेरिकेत पोर्तुगीज वकिलातींसमोर स्त्रियांनी निदर्शने केली. निकाल लागण्यापूर्वीच राजवट कोसळली आणि ७ मे १९७४ रोजी न्यायालयाने तिघींना निर्दोष ठरवले.

या पुस्तकाला काटेकोर अर्थाने कादंबरी म्हणता येणार नाही. त्यातील काही भाग आज कंटाळवाणेही वाटतात. पण पुढच्या पोर्तुगीज लेखिकांना त्याने एक साधन दिले, ते म्हणजे पत्र. पत्र हे त्या काळात राजवटीचेही साधन होते, हे पाहिल्याशिवाय त्याचे महत्त्व कळत नाही.

युद्ध घरी येते

१९६१ हे वर्ष सालाझार यांच्यासाठी दुहेरी फटक्याचे होते. त्या वर्षाच्या आरंभी अंगोलात सशस्त्र उठाव झाला, आणि डिसेंबरात गोवा, दमण, दीव हातचे गेले. गोव्यातील पोर्तुगीज सैन्याला शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम होता. गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हा यांनी तो न मानता शरणागती पत्करली आणि कित्येक जीव वाचवले; त्याबद्दल त्यांना सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. १९७४ नंतर त्यांना त्यांचे पद परत मिळाले. गोवा गेल्याचा राग जणू आफ्रिकेवर काढण्यात आला. अंगोलापाठोपाठ १९६३ साली गिनी आणि १९६४ साली मोझांबिक येथे युद्ध पेटले. तेरा वर्षांत सुमारे आठ लाख माणसे सैनिक म्हणून या युद्धांवर गेली. लहानशा देशात क्वचितच एखादे घर सुटले असेल.

या युद्धात स्त्रियांना काम दिले गेले ते पत्रे लिहिण्याचे. सेसिलिया सुपिकु पिंतु यांच्या नेतृत्वाखाली १९६१ साली 'राष्ट्रीय स्त्री आंदोलन' स्थापन झाले. सैनिकांशी बिनटपाल पत्रव्यवहार करता यावा म्हणून घडीची हवाईपत्रे या संस्थेने वाटली. अनोळखी सैनिकाला धीराची पत्रे लिहिणाऱ्या मुलींना 'युद्धातील धर्ममाता' असे म्हणत. पत्रात काय लिहावे हे ठरलेले होते : इकडे सर्व ठीक आहे, तुमचा अभिमान वाटतो. सैनिकही तिकडून सर्व ठीक आहे असेच लिहीत. अशा रीतीने लक्षावधी पत्रांतून काहीच न सांगण्याची सवय दोन्ही बाजूंना लागली. तीन मारियांनी पत्र हाच प्रकार निवडला, तेव्हा त्यांनी हीच सवय मोडली.

राजवट गेल्यानंतर युद्धाविषयीच्या कादंबऱ्या आल्या, त्या प्रथम पुरुषांच्या. अंतोनियु लोबु अंतुनिश हे लष्करी डॉक्टर म्हणून अंगोलात होते. १९७९ सालच्या त्यांच्या प्रसिद्ध कादंबरीत युद्धावरून आलेला डॉक्टर लिस्बनच्या एका मद्यगृहात भेटलेल्या स्त्रीला रात्रभर आपली कहाणी सांगतो. कादंबरी असामान्य आहे यात शंका नाही. मात्र त्या स्त्रीचा एकही शब्द वाचकाच्या कानी पडत नाही. पुरुषाच्या जखमेला श्रोता हवा होता, तो मिळाला. त्या श्रोत्याच्या स्वतःच्या तेरा वर्षांचे काय, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

तेओलिंदा जेर्सांव यांच्या १९८२ च्या कादंबरीत तो उद्भवतो. तिच्या शीर्षकाचा अर्थ 'स्त्री आणि मागे समुद्र असे दृश्य' असा होईल. नायिका ओर्तेन्स हिचा पती वारला आहे, आणि एकुलता मुलगा आफ्रिकेतील युद्धात मेला आहे. कादंबरीत हुकूमशहाचे पूर्ण नाव कोठेच येत नाही. येतात ती दोनच आद्याक्षरे, ऑ. सा. ही आद्याक्षरे ओर्तेन्सच्या मनात घराच्या भिंतीतून, समुद्राच्या आवाजातून, शाळेतल्या धड्यातून डोकावत राहतात. वाक्ये मध्येच तुटतात, काळ मागेपुढे होतो. वाचकाला प्रथम याचा त्रास होतो. हळूहळू कळते की, एका बाईच्या शोकातून राज्यकर्त्याला वेगळा काढताच येत नाही, हे सांगण्याची लेखिकेची ही रीत आहे.

कुजबुजीचा किनारा

या सर्व लेखनात मध्यवर्ती स्थान लीदिया जोर्ज यांच्या 'अ कोश्त दुश मुर्मुरियुश', म्हणजे 'कुजबुजीचा किनारा', या १९८८ च्या कादंबरीला द्यावे लागते. १९४६ साली दक्षिण पोर्तुगालमधील आल्गार्व्ह प्रांतात जन्मलेल्या लीदिया जोर्ज युद्धाच्या काळात अंगोला व मोझांबिकमध्ये शिक्षिका होत्या. युद्ध त्यांनी पाहिले ते लष्करी छावणीच्या मागच्या बाजूने, जेथे बायका वाट पाहत बसतात तेथून.

कादंबरीची रचना समजून घेण्यासारखी आहे. आरंभी 'टोळ' नावाची एक लहान, रेखीव कथा येते. मोझांबिकच्या एका बंदराच्या शहरात, हॉटेलच्या गच्चीवर तरुण अधिकारी लुईश आलेश आणि एव्हिता यांच्या लग्नाची मेजवानी चालली आहे. नाच आहे, केक आहे. समुद्राला प्रेते लागतात, टोळधाड येते, एक मृत्यू होतो आणि कथा संपते. सर्व काही सुंदर आणि थोडे स्वप्नवत. त्यानंतर मुख्य कादंबरी सुरू होते. वीस वर्षांनंतर एव्हा लोपु नावाची प्रौढ स्त्री त्या कथेच्या लेखकाशी बोलते. एकेकाळची एव्हिता ती हीच. ती कथेची स्तुती करते, आणि मग शांतपणे तिचा एकेक टाका उसवते. ते तसे नव्हते. तो आवाज टोळांचा नव्हता. तो माणूस तसा मेला नाही.

प्रेते कोणाची, हे आता कळते. बंदरातून आलेले मिथाइल अल्कोहोल मद्य समजून प्यायलेल्या काळ्या माणसांची ती प्रेते असतात. हॉटेलातील अधिकारी आणि त्यांच्या बायका याला त्या लोकांचे अज्ञान म्हणतात. विष कोणी वाटले, चुकून की मुद्दाम, हे कोणी विचारत नाही. एव्हिता विचारते. लग्नापूर्वी गणिताचा अभ्यास करणारा आपला पती इतका कसा बदलला, हा तिचा दुसरा प्रश्न.

त्याचे उत्तर तिला एका पेटीत मिळते. पुरुष उत्तरेकडे मोहिमेवर गेलेले असतात. कप्तान फोर्झा लेआल यांची पत्नी हेलेना पती परत येईपर्यंत घराबाहेर पडत नाही. तिच्या घरी पतीने जपून ठेवलेली छायाचित्रे असतात, नष्ट करण्याजोगी म्हणून वेगळी काढलेली. हेलेना ती एव्हिताला एकेक करून दाखवते. जळालेली गावे. मेलेली माणसे. आणि एका छायाचित्रात झोपडीच्या छपरावर उभा असलेला लुईश, हातात काठी, काठीच्या टोकाला कापलेले डोके.

या प्रसंगाचे मर्म तपशिलाच्या भीषणतेत नाही. पुरावा कोठे आहे, यात आहे. तो मुख्यालयात नाही, वर्तमानपत्रात असणे शक्य नाही. तो कप्तानाच्या घरातील पेटीत आहे आणि त्याची राखण त्याची बायको करते आहे. ती स्वतः त्या घरात कैद्यासारखी आहे, आणि तरीही पेटीची मालकीणही आहे. तिने ती उघडली नसती तर चालले असते. एव्हितानेही पाहून गप्प बसणे सोपे होते. बळी आणि साथीदार यांच्यामधली ही जागा इतक्या स्वच्छपणे दाखवणारे प्रसंग युद्धकादंबरीत फार थोडे आहेत. एव्हा लोपु आपल्याला निर्दोष म्हणवत नाही, हेही नोंदले पाहिजे. तिने त्या गच्चीवर नाच केलेला आहे.

दोनदा सांगितलेल्या या कथेत राष्ट्राच्या स्मृतीवरही बोट ठेवलेले आहे. 'टोळ' ही कथा म्हणजे जी आठवण सर्वांना हवी असते ती. नंतरचे सर्व म्हणजे जी आठवण कोणालाच नको असते ती. १९७४ नंतर पोर्तुगालने क्रांतीचा उत्सव केला, आणि तो रास्तही होता. पण ज्या सैन्याने देश मुक्त केला त्याच सैन्याने आफ्रिकेत काय केले, याची चर्चा लांबणीवर पडली. १६ डिसेंबर १९७२ रोजी मोझांबिकमधील विरियामु व आसपासच्या गावांत पोर्तुगीज तुकडीने शेकडो गावकरी मारले. लंडनच्या 'टाइम्स'मध्ये ही बातमी जुलै १९७३ मध्ये आली, तेव्हा लिस्बनने ती साफ नाकारली होती. लीदिया जोर्ज यांची कादंबरी विरियामुविषयी नाही. पण तिच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी माळ्यावर अशीच एखादी पेटी असणार, हे लेखिकेला आणि वाचकाला दोघांनाही ठाऊक होते. २००४ साली मार्गारिदा कार्दोझु यांनी या कादंबरीवर चित्रपट काढला, त्यालाही हीच अस्वस्थता लाभली आहे.

मुलींची साक्ष

पुढची पिढी त्या वेळी लहान असलेल्यांची. १९७५ च्या सुमारास अंगोला, मोझांबिक स्वतंत्र झाले आणि पाच लाखांहून अधिक पोर्तुगीज थोड्या महिन्यांत मायदेशी येऊन थडकले. त्यांना 'रेतोर्नादुश', म्हणजे परतलेले, म्हणत. यांतील पुष्कळ मुले पोर्तुगाल प्रथमच पाहत होती. परतणे हा शब्द त्यांना लागू नव्हता.

इझाबेला फिगेरेदु यांचा जन्म १९६३ साली त्या वेळच्या लोरेन्सु मार्किशमध्ये, आजच्या मापुतोत झाला. त्यांचे वडील वीजतंत्री होते. २००९ साली आलेले त्यांचे 'वसाहतीतील आठवणींची वही' हे पुस्तक कादंबरी नव्हे, आत्मकथन आहे. तरी या परंपरेतून ते वगळता येत नाही. वडिलांवर मुलीचे निरतिशय प्रेम आहे. हेच वडील काळ्या मजुरांना कसे वागवत, कसे मारत, त्यांच्या बायकांविषयी काय बोलत, हे ती काहीही न झाकता लिहिते. १९७५ साली तिला एकटीला विमानाने पोर्तुगालला पाठवले जाते, तेव्हा मोठी माणसे तिला एक निरोप देतात : त्यांनी आमचे काय केले ते तिकडे सांग. तो निरोप तिने पोचवला नाही. आम्ही त्यांचे काय केले, हे सांगायला तिला तीस-चौतीस वर्षे लागली, आणि तेही वडील गेल्यावर. पुस्तक आल्यानंतर परतलेल्यांपैकी अनेकांना तो बापाचा विश्वासघात वाटला. विश्वासघात हा शब्द फिगेरेदु यांनाही परका नाही. पुस्तकभर त्या त्याच्याशीच झगडत आहेत.

दुल्स मारिया कार्दोझु यांच्या 'उ रेतोर्नु' या २०११ च्या कादंबरीत सूर निराळा आहे. निवेदक रुई हा पंधरा वर्षांचा मुलगा. लुआंडा सोडण्याच्या दिवशीच सैनिक त्याच्या वडिलांना घेऊन जातात. आई आणि बहिणीबरोबर तो लिस्बनजवळच्या एश्तोरिलमधील पंचतारांकित हॉटेलात येऊन पडतो, कारण सरकारने परतलेल्यांसाठी हॉटेले ताब्यात घेतलेली असतात. समुद्रासमोरच्या गालिचेदार खोल्यांत निर्वासित कुटुंबे महिनोन्महिने राहतात, शाळेत त्यांच्या मुलांना वेगळे बसवले जाते. लेखिकेने मुलाचा आवाज का घेतला असावा, याविषयी मतभेद संभवतो. मात्र त्या आवाजातून आईचे हळूहळू खचत जाणे जसे दिसते, तसे ते तिच्या स्वतःच्या तोंडून दिसले नसते.

अशा लेखनासाठी मारियान हिर्श यांची 'उत्तरस्मृती' ही संज्ञा अभ्यासक सर्रास वापरतात. ती ज्यांनी स्वतः काही पाहिले नाही, केवळ आईवडिलांकडून वारसा म्हणून आघात घेतला, त्यांच्यासाठी आहे. फिगेरेदु आणि कार्दोझु यांनी पाहिले होते. त्यांना मिळाला नव्हता तो निवाडा करण्याचा अधिकार, कारण लहान मुलाला घरच्या माणसांविरुद्ध साक्ष देता येत नाही. संज्ञा वापरताना हा फरक पुसला जाऊ नये.

उरलेल्या जागा

लीदिया जोर्ज २०१४ साली 'उश मेमोरावेइश' या कादंबरीतून पुन्हा या विषयाकडे वळल्या. अमेरिकेत काम करणारी एक पत्रकार तरुणी १९७४ च्या क्रांतीतील माणसांच्या मुलाखती घ्यायला लिस्बनला येते, हाताशी एक जुने सामूहिक छायाचित्र घेऊन. येथेही छायाचित्रच आहे, पण आनंदाचे. त्यातील माणसे म्हातारी, विसरली गेलेली आहेत. 'कुजबुजीचा किनारा'ची धार या कादंबरीला नाही; मात्र चाळीस वर्षांत उत्सवाची आठवणही कशी झिजते, हे तीत दिसते.

२ सप्टेंबर २०२२ रोजी मापुतो येथे पोर्तुगालचे पंतप्रधान अंतोनियु कोश्ता यांनी विरियामुच्या हत्याकांडाबद्दल माफी मागितली. त्यांचे वडील ओर्लांदु दा कोश्ता हे मडगावात वाढलेले गोमंतकीय कादंबरीकार. ते पीदेच्या कोठडीत राहून आले होते, आणि गोव्यातील कष्टकऱ्यांवरची त्यांची कादंबरी 'उ सिग्नु दा इरा' १९६१ सालीच निघाली होती. नाकारण्यापासून माफीपर्यंत पन्नास वर्षे गेली. कादंबरीतली पेटी त्याच्या चौतीस वर्षे आधी उघडली होती.

गोव्याची जागा मात्र या लेखनात जवळजवळ रिकामी आहे. विमला देवी या नावाने लिहिणाऱ्या गोमंतकीय लेखिकेचा 'मोन्सांव' हा पोर्तुगीज कथासंग्रह १९६३ साली लिस्बनमध्ये निघाला. गोव्यातील जात, जमीनदारी, दूरदेशी गेलेल्यांची वाट पाहणे हे त्यात फार बारकाईने आले आहे. पण जंगलातून गुप्त नभोवाणी केंद्र चालवणाऱ्या लिबिया लोबो सरदेसाई यांच्यासारख्या स्त्रियांचे, किंवा पेनिशला, काशियशला गेलेल्यांच्या घरी मागे राहिलेल्या बायकांचे जगणे पोर्तुगीज कादंबरीने घेतलेले नाही. आफ्रिकेतून पाच लाख माणसे आपापल्या पेट्या घेऊन परतली, गोव्यातून मुख्यतः युद्धकैदी परतले, आणि त्यांनाही आल्यावर पराभवाचे लांच्छन सोसावे लागले. ते बोलले नाहीत. त्यांच्या घरच्या स्त्रियांनी काय ऐकले असेल, हा विषय अद्याप कोणाची तरी वाट पाहतो आहे.

तीन मारियांपैकी बारेनु २०१६ साली गेल्या, व्हेल्यु दा कोश्ता २०२० साली, आणि ओर्ता २०२५ च्या फेब्रुवारीत. 'नव्या पोर्तुगीज पत्रां'च्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या, भाषांतरे झाली, विद्यापीठांत ते पुस्तक शिकवले गेले. प्रत्येक मुलाखतीत कोणी ना कोणी तो पोलिसांचाच प्रश्न विचारत असे, अर्थात आदराने : कोणते पत्र कोणाचे? तिघींपैकी एकीनेही ते अखेरपर्यंत सांगितले नाही.